उन्हाळी शिबिरात खेळाडूंना पाणी किती, केव्हा आणि कशाबरोबर द्यावे?

यवतमाळ जिल्ह्यातील एका कबड्डी मंडळाच्या प्रशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मंडळाचे तीन आठवड्यांचे निवासी शिबिर एप्रिलच्या शेवटी सुरू होते. १४ ते १९ वयाची सुमारे चाळीस मुले-मुली सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी पाच ते सात सराव करतात. गेल्या वर्षी पहिल्या चार दिवसांतच दोन मुले चक्कर येऊन पडली आणि त्यांतील एकाला रात्रभर दवाखान्यात ठेवावे लागले. मंडळातील जुने खेळाडू म्हणतात की सरावाच्या मध्येच पाणी दिले की मुले जड होतात, तर नवे म्हणतात की प्रत्येकाला तासाला एक लिटर पाणी सक्तीने पाजावे. एका दात्याने ओआरएसची पाकिटेही दिली आहेत. तेव्हा पाणी नेमके किती, केव्हा आणि कशाबरोबर द्यावे?

सर, चाळीस मुलांना लागू पडेल असा एकच आकडा मी देणार नाही, कारण तसा आकडा अस्तित्वात नाही. एकाच मैदानावर, एकाच तासात, एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एकाला अर्धा लिटर घाम येतो आणि दुसऱ्याला दीड ते दोन लिटर, हे मी गेल्या वीस-बावीस वर्षांत इतक्या वेळा मोजले आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही. मात्र आपल्या प्रत्येक खेळाडूचा आकडा आपल्याला दोन दिवसांत स्वतःच काढता येईल. त्यासाठी शंभर ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक वही एवढेच लागते.

सरावापूर्वी लघवी करून आल्यावर, कमीत कमी कपड्यांत, अनवाणी वजन घ्यावे. सराव संपल्यावर अंग टॉवेलने कोरडे करून, घामाने भिजलेला बनियन काढून पुन्हा वजन घ्यावे. मध्ये किती पाणी प्यायले ते प्रत्येकाच्या नावाच्या बाटलीवरून लिहून ठेवावे. मुलींच्या वजनासाठी वेगळी खोली आणि एखादी ताई असावी, आणि कोणाचेही वजन सर्वांसमोर मोठ्याने वाचू नये, कारण या वयात त्या आकड्याची थट्टा फार लागते. समजा एका चढाईपटूचे वजन सरावापूर्वी ६२.४ किलो होते, दीड तासानंतर ६१.१ किलो भरले आणि त्याने मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले. वजनातील एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी असे धरले, तर त्याच्या शरीरातून १.८ लिटर घाम गेला, म्हणजे तासाला १.२ लिटर. त्याच्या वजनात झालेली घट दोन टक्क्यांच्या किंचित वर आहे. साधारण याच मर्यादेपासून दमसास आणि निर्णयशक्ती ढासळू लागते, आणि उष्ण हवेत हृदयाचे ठोके व शरीराचे तापमान नेहमीपेक्षा जास्त चढते. या मुलाला सरावाच्या दीड तासात आणखी अडीचशे-तीनशे मिलिलिटर पाणी मिळाले असते तरी तो मर्यादेच्या आत राहिला असता. गेलेला सगळाच्या सगळा घाम खेळता खेळता भरून काढण्याची गरज नसते, आणि पोटही साधारण तासाला लिटरभराच्या पुढे पाणी खाली सरकवू शकत नाही.

आता सक्तीच्या लिटरविषयी. ज्या मुलीला तासाला अर्धा लिटरच घाम येतो तिला तासाला एक लिटर पाणी पाजले, तर तीन तासांच्या सरावानंतर तिचे वजन दीड किलोने वाढलेले असेल, रक्तातील सोडियम पातळ झालेले असेल आणि मेंदूला सूज येण्याचा धोका उभा राहील. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका २८ वर्षांच्या धावपटू स्त्रीचा मृत्यू याच कारणाने झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले आणि तिघांचे तर प्राणघातक पातळीपर्यंत उतरलेले होते. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. म्हणून आपल्या वहीत ज्याचे वजन सरावानंतर वाढलेले दिसेल, त्याच्या नावापुढे लाल खूण करा आणि त्याचे पाणी कमी करा.

जुन्या खेळाडूंचे म्हणणे मात्र मी सर्वस्वी उडवून लावणार नाही. तासभर कोरडे ठेवून नंतर एकदम तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले की पोट डुचमळते, मळमळते आणि पुढची चढाई खरोखरच जड जाते. अनुभव खरा आहे, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे ते दोनशे मिलिलिटर, म्हणजे पाच-सहा घोट, असे पाणी मिळाले तर आठवड्याभरात पोटाला त्याची सवय होते. गार पाण्याने लकवा भरतो किंवा फुप्फुसे धरतात, या समजालाही आधार नाही. माठातले गार पाणी मुले आपण होऊन जास्त पितात आणि ते शरीराची थोडी उष्णताही शोषून घेते. पाण्याची सुट्टी वेळापत्रकात असावी. ‘तहान लागली तर सांगा’ असे म्हणणे या वयात पुरत नाही, कारण सरांसमोर पाणी मागणे म्हणजे कच खाणे, असे निम्म्या मुलांना वाटत असते.

तरीही, आपल्या प्रश्नातील ‘पहिल्या चार दिवसांतच’ हे शब्द मला पाण्याच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचे वाटतात. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्याचे काम घाम करतो, आणि तेही तो त्वचेवर वाळला तरच. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो थेंब जमिनीवर टपकला तो वाया गेला. उन्हात कष्टाची सवय झालेल्या शरीरात रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. हे बदल घडायला दहा ते चौदा दिवस लागतात. परीक्षेच्या अभ्यासासाठी महिनाभर घरात बसलेला मुलगा शिबिराच्या पहिल्याच दिवशी तीन तास दम काढतो, तेव्हा त्याच्या हाती कितीही पाणी दिले तरी त्याच्या शरीराची ही तयारी झालेली नसते. पाण्याने उष्माघात टळतोच, असे समजून चालणारे प्रशिक्षक मला जास्त भीतिदायक वाटतात. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे मृत्यू झाले, ते आपल्याला आठवत असतील. आपल्या शिबिरातील मोठ्या मुलांपैकी बरीच जण त्याच भरतीच्या तयारीत असतील, म्हणून मुद्दाम आठवण केली. पहिले तीन दिवस सकाळी एकच तास, तोही कौशल्याचा सराव ठेवा. शर्यती आणि चढायांच्या लागोपाठ फेऱ्या पाचव्या-सहाव्या दिवसानंतर आणा आणि पूर्ण भार दुसऱ्या आठवड्यात द्या. सकाळचा सराव नऊऐवजी आठला संपवा. सायंकाळी पाच वाजता मेच्या आरंभी आपल्याकडे मैदान अजून भट्टीसारखे तापलेले असते, तेव्हा सहाला सुरू केले तर उत्तम.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत आणखी एक फसवणूक होते. घाम येताच वाळून जातो, अंग ओले दिसत नाही, आणि मुलाला वाटते की आपल्याला फारसा घाम आलाच नाही. कोकणात नेमके उलटे घडते. आपला संघ स्पर्धेसाठी मुंबईला किंवा रत्नागिरीला जातो तेव्हा ‘इथे तर ३४ अंशच आहे, आम्ही ४४ वाले’ अशी बढाई ऐकू येते. पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि पाणी जाऊनही शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले, त्या दिवशी तिथले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भाच्या मानाने हा आकडा काहीच नव्हे, आणि ती माणसे तर नुसती बसलेली होती.

आता मिठाकडे वळू. एक लिटर घामातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते, आणि येथेही माणसामाणसांत मोठा फरक असतो. ज्याच्या गडद रंगाच्या टी-शर्टवर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटतात, ज्याच्या डोळ्यांत घाम चुरचुरतो, तो खारट घामाचा गडी समजावा. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. त्याहून लांबलेल्या सरावात थोडे मीठ आणि साखर असलेले पेय उपयोगी पडते, कारण लहान आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी खेचले जाते. ओआरएसची सारी किमया हीच आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ उसळली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्यावर असंख्य प्राण वाचवले.

तरीही ती पाकिटे रोजच्या पाण्यात सरसकट ओतू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस जुलाबाच्या रुग्णासाठी बेतलेले आहे. त्याच्या एका लिटरात २.६ ग्रॅम मीठ असते पण ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, म्हणजे खेळणाऱ्या मुलाला त्यातून ऊर्जा फारशी मिळत नाही. ज्याचे वजन दोन टक्क्यांहून अधिक उतरले, ज्याला उलट्या-जुलाब झाले किंवा जो खारट घामाचा आहे, त्याच्यासाठी ती राखून ठेवा. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते. ते पेलाभर पाण्यात कालवून देण्याची चूक मी अनेक मैदानांवर पाहिली आहे, आणि इतके दाट द्रावण पोटात गेले की ते उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते. दात्याने दिलेली पाकिटे खरी ओआरएसची आहेत की नुसते गोड पेय आहे, हेही पाहा. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, इतका त्यांचा सुळसुळाट झाला होता.

मैदानासाठीचे पेय मंडळाच्या स्वयंपाकघरात सहज होते. वीस लिटरच्या जारला एक किलो साखर आणि तीस ग्रॅम मीठ, एवढेच प्रमाण लक्षात ठेवावे. लिंबे एप्रिलमध्ये सोन्याच्या भावाने मिळतात, म्हणून आंबटपणासाठी उकडलेल्या कैरीचा गर घातला तर पातळ पन्हेच तयार होते आणि मुले ते आवडीने पितात. घरच्या पद्धतीचे दाट पन्हे मात्र मैदानावर नको. त्यातल्या साखरेने पोट जड होते. साखर-मीठ एकदा काट्यावर मोजून त्या मापाच्या दोन वाट्या बाजूला ठेवाव्यात, अंदाजाने ‘मूठभर’ घालू नये. मिठाच्या गोळ्या तर नकोतच. सराव संपल्यावर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी पुढील काही तासांत, जेवणाबरोबर, पोटात जावे. वरण, भाजी, लोणचे यांतून मीठ मिळतेच, आणि दुपारचे मीठ घातलेले पातळ ताक हे या कामी कोणत्याही बाटलीबंद पेयाहून मला सरस वाटते. दूधही पाण्यापेक्षा शरीरात अधिक काळ टिकते. कोल्हापूरच्या तालमींत व्यायामानंतर थंडाई देण्याची प्रथा पडली ती उगीच नव्हे.

सकाळी सहाच्या सरावाचे पाणी आदल्या रात्री सुरू होते. पाचला उठल्यावर तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी प्यावे आणि लघवीचा रंग फिकट लिंबू सरबतासारखा आहे ना, हे ज्याचे त्याने पाहावे. बी जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्याची लघवी गर्द पिवळी दिसते, तिथे हा अंदाज चुकतो.

मुलींच्या बाबतीत वेगळे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात मुलींचे वजन रोज मुलांपेक्षा जास्त टक्क्यांनी उतरत होते आणि आम्ही पाण्याच्या सुट्ट्या वाढवत बसलो होतो. शेवटी एका मुलीने तेथील ताईंना सांगितले की मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या रात्रीपासूनच पाणी पीत नाहीत. मैदानाच्या एका कोपऱ्यात पत्र्याची, आतून कडी लागणारी, पाण्याची बादली ठेवलेली तात्पुरती सोय झाली आणि चौथ्या दिवसापासून वहीतले आकडे सुधारले. आपल्याकडे ही सोय काय आहे, हे शिबिरापूर्वी स्वतः जाऊन पाहावे.

कुमार गटाला वजनाची मर्यादा असल्याने निवड चाचणीच्या आधी मुले पाणी तोडतात, जाड कपडे घालून उन्हात पळतात, कुठूनशा लघवीच्या गोळ्याही आणतात. या गोळ्या उत्तेजक द्रव्यांच्या प्रतिबंधित यादीत आहेत, हे मुलांना सहसा ठाऊक नसते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशाच पद्धतीने वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल सुमारे महिनाभरात दगावले आणि तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख व बाष्पस्नान यांवर बंदी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, त्याच दिवशी तिच्यावर शरीरातील पाणी कमी झाल्याबद्दल उपचार करावे लागले. तिच्या दिमतीला तर तज्ज्ञांचे पथक होते. दोन किलो उतरवायचे असतील तर महिना आधी जेवणातून उतरवावेत, नाहीतर त्या मुलाला वरच्या गटात खेळवावे.

आपल्या भागात सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक विकाराचा, विचार टाळता येणार नाही. सिकलसेलचा वाहक असलेला मुलगा एरवी पूर्ण निरोगी असतो आणि उत्तम खेळतो, पण उन्हात, पाणी कमी असताना, न थांबता जिवावर उदार होऊन धावला तर त्याच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. १९८७ मध्ये अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय नवशिक्यांच्या पाहणीत वाहकांमध्ये आकस्मिक मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे २८ पट आढळला होता. २०१६ च्या मोठ्या पाहणीत मात्र मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, कारण दरम्यानच्या काळात सैन्याने सगळ्यांसाठीच पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढणारा भार हे नियम लागू केले होते. म्हणून वाहक मुलांना घरी पाठवू नका. तपासणीचे कार्ड मागवा, माहिती गुप्त ठेवा, आणि असा मुलगा ‘पायांत त्राण नाही’ म्हणाला तर त्याला आळशी ठरवण्याआधी बसवा. सरावानंतर कोणाचीही लघवी काळ्या चहासारखी दिसली तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आता सर्वांत वाईट प्रसंगाची तयारी. मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, चिडले, स्वतःचा संघ कोणता हे विसरले किंवा कोसळले, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच समजावा. उष्माघातात घाम थांबतो, असे पुस्तकात वाचून अनेक जण फसतात. खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग बहुधा घामाने चिंब असते. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि अर्ध्या तासात ते खाली आणले तर मूल जवळजवळ नक्की वाचते. १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. थंड करणे तिथेच आणि त्याच क्षणी सुरू व्हावे. ताडपत्रीवर मुलाला निजवून सहा-आठ जणांनी कडा उचलून धरायच्या, त्यात पाणी आणि फोडलेला बर्फ ओतायचा, डोके पाण्याबाहेर धरायचे आणि पाणी हलवत राहायचे. शुद्ध परतेपर्यंत किंवा हुडहुडी भरेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटे, हे करावे. बर्फाची एक लादी थर्माकोलच्या पेटीत आणि एक ताडपत्री मैदानावर रोज असावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

याउलट ज्याने खूप पाणी प्यायले आहे, ज्याची बोटे सुजली आहेत, डोके ठणकते आहे आणि उलट्या होत आहेत, त्याला आणखी पाणी देऊ नका. रुग्णालयात त्याने किती पाणी प्यायले ते सांगा आणि सलाइन लावण्यापूर्वी सोडियम तपासण्याची विनंती करा. ‘सलाइन लावले की ताकद येते’ या समजुतीने अंतिम सामन्याआधी बाटली चढवणारे संघही मी पाहिले आहेत. जे मूल तोंडाने पिऊ शकते त्याला तिची गरज नसते, आणि रुग्णालयातील उपचार वगळता १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे हे जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार उल्लंघन ठरते.

गेल्या वर्षी दवाखान्यात राहिलेला मुलगा यंदाही येणार असेल, तर त्याचे डिस्चार्ज कार्ड आधी मागवून घ्या. त्यात उष्माघाताची नोंद असेल, तर रक्ततपासणी आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आल्याशिवाय त्याला मैदानावर उतरवू नका. परवानगी मिळाली तरी त्याचा भार इतरांपेक्षा आठवडाभर मागे ठेवा आणि पहिल्या दहा दिवसांत त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे काम एका ठरावीक मोठ्या खेळाडूकडे सोपवा.